काटा बघा, आभाळ बघू नका!

...आणि वर मला सन्मानफलक दिला हो त्यांनी! लाकडी! पॉलिश केलेला! त्यावर पितळी अक्षरांत 'लेस्टर क्विग, आग प्रतिबंध अधिकारी, टिंकर्स फ्लॅट, यांच्या दूरदृष्टीबद्दल'! दूरदृष्टी म्हणे! ज्या माणसाला त्या दिवशी स्वतःच्या नाकाचा शेंडा दिसत नव्हता, कारण डोक्यावरचा आइस्क्रीमचा डबा भुवयांच्या खाली घसरला होता, त्याची दूरदृष्टी! तुम्हाला सांगतो, शिव्या दिल्या असत्या तर मी मुकाट ऐकून घेतल्या असत्या, अकरा वर्षं ऐकतोच आहे, पण टाळ्या? टाळ्या वाजल्या की माझे कान आजही गरम होतात.

थांबा, डबा का होता ते सांगतो. नाही, आधी काटा सांगतो. काट्याशिवाय डबा कळणार नाही.

आमच्या गावाच्या वेशीवर, हायवेला लागून, तो मोठा अर्धगोल फलक आहे ना? तोच, चार रंगांचा. डावीकडे हिरवा, म्हणजे धोका मध्यम. मग पिवळा, जास्त. मग नारिंगी, अतितीव्र. आणि उजव्या टोकाला तो काळपट लाल, त्यावर लिहिलंय सर्वनाश. लांब लोखंडी काटा ज्या रंगावर, तसा त्या दिवसाचा वणव्याचा धोका. शहराकडे आता हे फलक विजेवर चालतात, आपोआप फिरतात. आमच्याकडे लेस्टरवर चालतो. रोज सकाळी सातला मुख्यालयाचा अंदाज बघायचा, आकड्याची काठी घ्यायची, फलकासमोर उभं राहायचं आणि काटा सरकवायचा. झालं. एवढंच काम. एवढ्या कामात चूक करायला माणूस किती हुशार लागतो बघा.

बाकीचा दिवस मी लोकांचं गवत मोजत हिंडतो. दहा सेंटीमीटरच्या वर गेलं की नोटीस. त्यामुळे गावात माझं स्वागत कसं होतं विचारूच नका. बेकरीत शिरलो की गप्पा बंद. एकानं तर कुत्र्याचं नाव लेस्टर ठेवलंय आणि मी फाटकाशी आलो की मुद्दाम ओरडतो, "लेस्टर, खाली बस!" मी बसत नाही, पण दचकतो.

पण मी सोडलं नाही हो. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर गावच्या हॉलमध्ये सभा घ्यायची, चहा आणि लॅमिंग्टन केकच्या आशेनं आलेल्या तीस-चाळीस डोक्यांसमोर उभं राहायचं आणि ओरडायचं, "लोकहो! काटा बघा, आभाळ बघू नका! आभाळ निळं दिसतं आणि तासाभरात डोंगर पेटलेला असतो! फोन बंद पडेल, वीज जाईल, मुख्यालयाला उशीर होईल, पण काटा खोटं बोलणार नाही! काटा सर्वनाशावर दिसला की वाद घालायचा नाही, खिडकीतून डोकवायचं नाही, सामान उचलायचं आणि निघायचं!" आणि मागच्या रांगेतून आमच्या डल्सीबाई क्रॅबट्री, वय वर्षं चौऱ्याऐंशी, विणकामातून मान वर न करता म्हणायच्या, "मी नाही जाणार."

दर वर्षी! अकरा वर्षं!

डल्सीबाईंचं घर घळीच्या तोंडाशी, अगदी शेवटचं. संपूर्ण लाकडी. मागं निलगिरीचं रान, पुढं वाळकं गवत, छपराच्या पन्हाळीत पालापाचोळा भरलेला. सरपणाचा ढीग दिसायला जसा असावा, तसं घर. मी जायचो, पत्रकं द्यायचो, हात जोडायचो. बाई म्हणायच्या, "लेस्टर, मी चार वणवे पाहिलेत. चारही माझ्याकडे बघून परत गेले. तू चहा घेणार का?" मी चहा घ्यायचो. परत यायचो. आणि रात्री बायकोला म्हणायचो, ब्रॉनविन, ती बाई एक दिवस त्या घरात जळून मरणार आणि माझ्या हातून मरणार. खरं सांगतो, गावातल्या चारशे माणसांपैकी माझी झोप उडवणारं माणूस एकच होतं.

तर गेल्या वर्षीचा ऑक्टोबर. वणव्याच्या हंगामाचा पहिला दिवस, आमच्याकडे भर उन्हाळा जानेवारीत. थंडीभर काटा मधोमध उभा, तारेनं बांधलेला असतो, तो सोडायचा आणि हिरव्यावर आणायचा. बाहेर भुरभूर पाऊस. अंगात स्वेटर. धोका म्हणाल तर सर्दीचा. आणि फलकाशेजारच्या झाडावर मॅगपाय, तो काळापांढरा पक्षी.

आता मॅगपाय म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे, पण आमचा हा मॅगपाय वेगळा आहे. बाकीचे पक्षी पिल्लं असली की येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांच्या डोक्यावर झेपावतात. हा फक्त माझ्या. पोस्टमन जातो, काही नाही. शाळेची अख्खी सहल जाते, काही नाही. मी गाडीचं दार उघडलं की आला! आदल्या वर्षी टाळूवरनं रक्त काढलं होतं त्यानं. म्हणून ब्रॉनविननं मला दोन लिटर व्हॅनिलाचा रिकामा डबा दिला, त्याच्या मागच्या बाजूला काळ्या मार्करनं दोन मोठे डोळे काढले आणि म्हणाली, "हा घाल. मागून डोळे दिसले की तो येत नाही." मी म्हटलं, अगं मी सरकारी माणूस आहे! ती म्हणाली, "मग सरकारी टाळू फोडून घे."

घातला डबा.

तो आला. डोळेबिळे काही बघितले नाहीत त्यानं. ठाक्! डब्यावर चोच. मी काठी टाकली आणि पळालो फलकाच्या मागे. तर फलकाच्या मागं कुणा जुन्या लोहारानं काट्याच्या आसाला एक मूठ लावून ठेवलेली आहे. मी मनात म्हटलं, वा! समोर जायलाच नको! इथूनच फिरवू! डबा डोळ्यांवर आलेला, वरून ठाक् ठाक् चाललंय, मी आंधळ्यासारखी मूठ धरली, हिरवा डावीकडे असतो, अकरा वर्षं डावीकडेच आहे, डावीकडे फिरवली, टोकाला खटकन बसली, वाकून गाडीकडे पळालो आणि सुटलो.

समजलं का? नाही समजलं? मलाही दुपारी एकपर्यंत नाही समजलं. अहो, मी मागे उभा होतो! माझी डावी म्हणजे समोरच्याची उजवी!

मी तिथनं थेट खोऱ्यात गेलो, पाण्याच्या टाक्या तपासायला. तिथं फोन नाही, वायरलेस नाही, फक्त मी आणि कांगारू. शीळ घालत काम केलं. एकला गावात परतलो. बेकरी बंद. पेट्रोलपंप बंद. शाळेला कुलूप. रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि पाऊस आपला भुरभुरतोय. मी मनात म्हटलं, कोण गेलं? एवढ्या मोठ्या मयताला मला कसं बोलावलं नाही? आणि लगेच वाटलं, मला कशाला बोलावतील. गाडी वळवली, वेशीवर आलो, आणि समोरून, अकरा वर्षांत पहिल्यांदाच नुसता वाटसरू म्हणून, मी त्या फलकाकडे बघितलं.

सर्वनाश.

काटा असा ताठ, टोकाला, पावसानं निथळतोय. काळपट लालवर. मी गाडीतच बसून राहिलो. वायपर चालू. वायपर इकडे गेला की वाटायचं नाही, असं नाहीये, तिकडे गेला की परत सर्वनाश.

चाळीस किलोमीटरवर बेनहॉलो नावाचं गाव आहे, तिथल्या हॉलमध्ये आमच्या लोकांनी जमायचं हे मीच ठरवलेलं, मीच पत्रकात छापलेलं. गेलो. दार उघडलं. अख्खं टिंकर्स फ्लॅट आत! कुत्री, मेंढरं, शिवणाची यंत्रं, कुणाच्या काखेत नवऱ्याच्या अस्थींचा डबा, एकानं नुसता टीव्हीचा रिमोट आणलेला. वृद्धाश्रमाचे एकोणीस म्हातारे घोंगड्या पांघरून ओळीनं, त्यातले दोघं तर मजेत. आणि आमच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाची कॅप्टन मॉरीन, सहा फुटी बाई, पिवळ्या कोटात, माझ्याकडे चालत आली.

म्हणाली, "लेस्टर, मी मुख्यालयाला फोन केला होता. ते म्हणाले मध्यम. मी म्हटलं, तिकडे खुर्चीत बसून तुम्हाला काय कळतंय? आमचा माणूस जागेवर आहे, त्याला काहीतरी दिसलं असणार. काटा बघा, आभाळ बघू नका! मी भोंगा वाजवला."

माझंच वाक्य. तिच्या तोंडून. पावसानं भिजलेल्या चेहऱ्यानं!

मी तोंड उघडलं. खरंच सांगणार होतो. देवाशपथ. पण तेवढ्यात मला कोपऱ्यात खुर्चीवर कोण दिसलं? डल्सीबाई! तीन मांजरांची टोपली मांडीवर, डोक्याला स्कार्फ. जी बाई चार वणव्यांना हलली नव्हती ती माझ्या काट्यावर विश्वास ठेवून भर पावसात चाळीस किलोमीटर आली होती! आणि तिचा उजवा हात गळ्यात बांधलेला. टोपली गाडीत ठेवताना पायरीवर घसरली, मनगट मोडलं.

मॉरीन म्हणाली, "की हा सराव होता, लेस्टर?"

आणि मी म्हटलं, "हो."

एवढंच. एक अक्षर. विचारून, ठरवून नाही हो, नुसतं सटकलं! शिंक सटकते तसं! आणि कुणीतरी टाळी वाजवली, मग दुसऱ्यानं, मग अख्खा हॉल. ज्याच्या कुत्र्याचं नाव लेस्टर आहे, तो येऊन माझा हात दाबून म्हणाला, "मानलं राजा! आम्ही सगळे येतो की नाही, बघितलंस ना?" पंधरा दिवसांत कौन्सिलनं समारंभ केला. अध्यक्ष म्हणाले, "आपत्ती येण्याआधी जो आपत्ती ओळखतो..." मी तो सन्मानफलक हातात घेऊन उभा, बाजूला ब्रॉनविन दात दाबून हसतेय आणि ओठ न हलवता मला म्हणतेय, "सांगून टाक, लेस्टर. घरी हा फलक मी भिंतीवर लावणार नाही."

पण कसं सांगू? तुम्हीच सांगा! सांगितलं तर डल्सीबाई काय म्हणणार? "मूर्खा, तुझ्या काट्यापायी हात मोडला, आता मेले तरी हलणार नाही." आणि हलली नाही तर जानेवारीत ती जळणार. न सांगावं तर मी एका म्हातारीचं हाड मोडून वर पितळी अक्षरं मिरवतोय. डोक्यात रोज हेच. जेवताना हेच. लोकांचं गवत मोजायला गेलो की पट्टी हातात आणि नजर वर होत नाही. अठरा सेंटीमीटर गवत दिसलं तरी म्हणायचो, असू दे, छान वाढलंय.

शेवटी एक दिवस डल्सीबाईंचाच निरोप आला. गेलो. बाई व्हरांड्यात बसलेल्या. हाताच्या प्लास्टरवर गावभरच्या सह्या, फुलं, मांजरांची चित्रं. आणि बरोबर मधोमध तळहाताएवढी जागा कोरी. म्हणाल्या, "ही तुझ्यासाठी राखून ठेवलीय. कर सही." माझ्या हातात पेन दिलं.

मी पेन टेकवलं. ते ऊबदार प्लास्टर, त्याच्या आत ते मोडलेलं मनगट, आणि त्यावर मी काय लिहू, दूरदृष्टी? माझे डोळे भरून आले. लाज वाटली, एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी सगळं सांगितलं. पक्षी, डबा, मूठ, डावी, उजवी, "हो". सगळं. नाक पुसत पुसत.

बाई शांतपणे म्हणाल्या, "माहीत आहे."

मी म्हटलं, "काय माहीत आहे?"

"अरे, माझ्या खिडकीतून दुर्बिणीनं वेस दिसते. रोज सकाळी तुझी मजा बघते मी. करमणूक दुसरी काय आहे इथं? डब्याला मागं डोळे काढलेस, लेस्टर, पण गरज पुढं होती."

"मग... मग तुम्ही गेलात का?"

मांजर मांडीवरनं उतरलं. बाई म्हणाल्या, "भोंगा वाजला, सगळे निघाले. मी म्हटलं, आता मी एकटी राहिले तर हे पोरगं येणार आणि दिवसभर माझ्या दारात हात जोडून पावसात उभं राहणार. अकरा वर्षं येतोस. गवत मोजतोस, चहा पितोस, तोंड पाडून जातोस. म्हटलं, एकदा जाऊ या त्याच्यासाठी. धोका नाही त्या दिवशी जायला काय जातंय?"

म्हणजे बघा! एक माणूस अकरा वर्षांत माझं ऐकून घराबाहेर पडलं, ते काट्यावर विश्वास ठेवून नाही, माझी कीव करून!

मी म्हटलं, "आणि खरंच धोका आला तर?" बाई म्हणाल्या, "ते तेव्हा बघू. आता लिही." मी म्हटलं, काय लिहू? म्हणाल्या, "जे झालं ते."

मी लिहिलं. 'मागून फिरवला. लेस्टर.'

आणि बाईंनी काय करावं? ते प्लास्टर घेऊन त्या दुसऱ्या दिवशी बेकरीत! मग पोस्टात, मग चर्चमध्ये! सगळ्यांना हात पुढे करून दाखवत, "कसं काय, बरी आहे मी, हे वाचलंत का?" दोन दिवसांत गावभर. मॉरीन नुसती माझ्याकडे बघत राहिली, ते शिव्यांपेक्षा वाईट. सन्मानफलक परत करायला गेलो तर अध्यक्ष म्हणाले, "अक्षरं पक्की बसवलीत, निघत नाहीत. ठेव आता." आणि तेव्हापासून रोज सकाळी सव्वासातला फोन. "लेस्टर, आज हिरवा दिसतोय. पुढून की मागून?" "पिवळा म्हणे. पुढून की मागून?" काटा बघा, आभाळ बघू नका म्हणे! लोक आता काटा बघायचे, मग आभाळ बघायचे, मग मला फोन करायचे आणि माझ्या आवाजावरून अंदाज बांधायचे.

आणि आला जानेवारी. चव्वेचाळीस अंश. उत्तरेचा वारा असा की कपडे दोरीवर वाळत नव्हते, भाजत होते. मुख्यालयाचा अंदाज आला, सर्वनाश. मी फलकासमोर उभा राहिलो, उघड्या डोक्यानं, आणि काटा सरकवला. समोरून. पाच वेळा बघितलं. भोंगा वाजला. आणि कुणीही हललं नाही. फोन वाजायला लागले. "पुढून की मागून?" "अहो पुढून!" "नक्की?" "नक्की हो, निघा!" "सराव नाही ना?" मला वाटलं, मी हे गाव मारलं. एका 'हो'नं मारलं.

तेवढ्यात घळीकडून मोहरीच्या रंगाची जुनी गाडी आली. डल्सीबाई. फलकासमोर थांबवली. उतरल्या. काटा बघितला. मग काठी टेकत फलकाच्या मागे जाऊन मूठ बघून आल्या. मग माझ्याकडे बघितलं.

"पुढून?"

"पुढून."

"डबा?"

"नाही घातला, डल्सीबाई. या वेळी खरं आहे हो. पाया पडतो."

बाईंनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, "मांजरं गाडीतच आहेत." आणि गाडीचा भोंगा दाबून धरला तो सोडलाच नाही, पूर्ण गावातून, बेकरीवरून, शाळेवरून, बेनहॉलोच्या रस्त्यापर्यंत. आणि तिच्या मागे एक गाडी निघाली, मग दुसरी, मग सगळं गाव.

दुपारी तीनला घळ पेटली. डल्सीबाईंचं घर वीस मिनिटांत गेलं. वीस मिनिटं! मॉरीनच्या लोकांना जवळही जाता आलं नाही. संध्याकाळी मी हॉलमध्ये डल्सीबाईंच्या शेजारी जाऊन बसलो. तिनंच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, तोच, प्लास्टर काढलेला, बारीक झालेला. म्हणाली, "पाचवा परत नाही गेला." मग थोड्या वेळानं, "पन्हाळ साफ करायला हवी होती." गावातलं एक माणूस मेलं नाही.

तर आता बाई आमच्याकडे राहतात. मागच्या खोलीत. तीन मांजरांसह. ब्रॉनविनशी मेतकूट जमलंय, दोघी मिळून मला हसतात. सन्मानफलक खरोखरच भिंतीवर गेला नाही, त्यावर मांजरांच्या दुधाची बशी असते, 'दूरदृष्टी' बरोबर बशीखाली येते. आणि रोज सकाळी सातला बाई पिकअपच्या पुढच्या सीटवर बसतात, माझ्याबरोबर वेशीपर्यंत येतात, मी काटा फिरवतो, त्या काच खाली करून मान डोलावतात, तेव्हा कुठे गाव कामाला लागतं. लोकांनी काटा बघायचं सोडलं, आभाळ बघायचं सोडलं. लोक डल्सीबाईंची मान बघतात.

परवा ऑक्टोबर लागला. मॅगपाय आला. नेमका माझ्यासाठीच. मी म्हटलं, ब्रॉनविन, डबा कुठंय? तर डल्सीबाई आतून घेऊन आल्या, धुऊन, पुसून. बघतो तर मागचे डोळे होतेच, आता पुढच्या बाजूलाही दोन मोठे डोळे काढलेत. वर भुवया. भुवया!

घालतो. काय करता!